रमाचा टाक

लग्नात चंद्रावतीच्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं नवऱ्याने, आणि त्याच्याखाली काळ्या दोऱ्यात ओवलेला टाक बांधला सासूने. टाक म्हणजे रुपयाएवढा चांदीचा पत्रा. त्यावर आतून ठोकून एक बाई उठवलेली होती. हात अंगासरशी खाली सोडलेले, कपाळावर एक ठिपका, डोळे म्हणून दोन टोचे. ती रमा. भगवानची पहिली बायको, दीड वर्षापूर्वी काविळीने गेलेली.

"ही तुजी मोठी बहीन," सासू ठमाबाई म्हणाली. "हिला इचारल्याबिगार नवीन लुगडं नेसायचं नाय. पयला घास हिला दाखवायचा. तू हिला विसरलीस तरी ती तुला विसरनार नाय."

चंद्रावतीने मान हलवली. दुसरेपणावर दिलेल्या बाईने सवतीचा टाक घालायचा ही रीत तिला ठाऊक होती. माहेरी जासईला तिच्या चुलतीच्या गळ्यातही तो होता, आणि चुलती त्याच्याशी भांडी घासताना गप्पा मारायची. त्यामुळे तिला भीती वाटली नाही. सव्वीस वर्षांची झाली होती ती. अंथरुणाला खिळलेल्या बापाचं करता करता लग्नाचं वय निघून गेलं होतं, आणि पनवेलजवळ कोन गावात बरं घर मिळतंय, नवरा भातगिरणीत कामाला आहे, एक सहा वर्षांची पोर आहे, एवढ्यावर तिने हो म्हटलं होतं. ते साल नव्वदचं, माघ महिन्यातलं.

पोरीचं नाव दीपिका. ती फार बोलत नसे. चंद्रावतीला मावशी म्हणायची, आणि कितीही उकडलं तरी लांब बाह्यांचा झगा घालून बसायची. चंद्रावतीने एकदा तो काढायला हात लावला तर पोर भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. नव्या बाईला लाजते, असं समजून चंद्रावतीने सोडून दिलं.

कातडीचं दुखणं चंद्रावतीला नवं नव्हतं. ती मिठागरात वाढलेली. खाऱ्या पाण्यात उभं राहून तळपाय चिरायचे, त्या चिरांत रात्री खोबरेल भरायचं आणि सकाळी पुन्हा उतरायचं. पण जासईला कातडी दुखायची. कोनला ती खाजायला लागली.

चैत्रात सुरू झालं. गळ्याखाली, जिथे टाक टेकायचा तिथे, आधी मुंगी फिरल्यासारखं व्हायचं. मग घामाने चरचरायचं. आठवड्याभरात तिथे लाल चकंदळ उठलं, टाकाएवढंच गोल. ती टाक बाजूला सारून खाजवायची, की तो घसरून पुन्हा तिथेच येऊन बसायचा. खाजवल्यावर दोन क्षण इतकं बरं वाटायचं की डोळे मिटायचे, आणि मग आग व्हायची.

एका दुपारी ती माजघरात बसली होती. ठमाबाई ओटीवर घोरत होती, भगवान गिरणीवर. घरात कुठेतरी आवाज येत होता. खरर्, खरर्. थांबून पुन्हा खरर्. चंद्रावतीने कान दिला. उंदीर कणगीला लागला असेल असं वाटून ती उठायला गेली, आणि तिच्या लक्षात आलं की तो तिच्याच नखांचा आवाज आहे. हात कधी चोळीत गेला होता ते तिला कळलंच नव्हतं. नखांत रक्त होतं.

तिने हात बाहेर काढून मांडीवर ठेवला, त्यावर दुसरा हात दाबून धरला.

आवाज थांबला नव्हता. कुडाच्या पलीकडून येतच होता, हळू, दमादमाने. खरर्. खरर्.

ती उठून पलीकडे गेली. तिथे फक्त दीपिका होती, अंधाऱ्या कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, हात झग्याच्या बाह्यांत ओढून घेतलेले. तिला पाहून पोर म्हणाली, "माजी आय पन असंच करायची."

"कसं?"

"असंच. तू करतंस तसं. दुपारी बसून बसून."

चंद्रावतीने पदर गळ्यापर्यंत ओढून घेतला. संध्याकाळी तिने भगवानला नुसतं विचारलं, "अवं, मोठीला खाज व्हती काय?"

जेवताना त्याचा हात थांबला. "तुला कोनी सांगितलं?"

"पोरीनं."

त्याने भात ताटाच्या कडेला सारला. मग म्हणाला, "आईसमोर काडू नको ही गोष्ट." आणि अर्धं ताट सोडून उठला.

पण ठमाबाईला सांगायची गरज नव्हती. एकदा चंद्रावती अंघोळीहून आली तेव्हा सासूने तिचा पदर ओढून पाहिलं, आणि म्हातारीचा चेहरा उतरला. त्या गोल चकंदळाच्या मधोमध आणखी काहीतरी उठलं होतं. चंद्रावतीने कुंकवाच्या फणेरपेटीतला आरसा आणला, उजेडाकडे तोंड केलं. टाक जिथे घामाने चिकटून बसायचा तिथली कातडी सुजली होती, आणि ठोकलेल्या रेघा तिच्यात उमटल्या होत्या. खाली सोडलेले दोन हात आणि वर डोक्याचा गोळा. तिच्या छातीवर एक लहान लाल बाई उभी होती.

त्याच्याही खाली, छातीच्या मधोमध, एकाखाली एक सहा पुटकुळ्या होत्या, सरळ ओळीत, कुणी दात रोवल्यासारख्या.

बळीराम भगत आला. तो डोंगराच्या बाजूचा, गावात कुणाला बाहेरचं लागलं की त्याला बोलवायचे. भर दुपारी अंगणात पाट मांडला, सुपात तांदूळ घेतले, आणि डोळे मिटून तो बोटांनी दाणे सारत राहिला. शेजारपाजारच्या बायका लांब उभ्या होत्या. मग त्याचा आवाज बदलला. ओरडला नाही तो. उलट इतका हळू बोलला की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

"बाय इथंच हाय. तिचं कातडं जळलं. आता ती हिचं मागते."

"काय करू?" ठमाबाईने विचारलं.

"अंगापासून हलवू नका तिला. दोरा आखूड करा. सुटली तर घरात फिरंल, आनि घरात दुसरं कोन हाय ते तुमाला म्हाईत."

सगळ्यांची नजर दीपिकाकडे गेली. पोर उंबऱ्यात उभी होती, बाह्या मुठीत धरून.

दोरा आखूड झाला. टाक आता गळ्याच्या खळीत, आवंढा गिळला तरी टोचेल असा बसला. वर भगताच्या सांगण्यावरून रोज चुलीतली राख लिंबाच्या रसात कालवून चोळायची. पहिल्या दिवशी चंद्रावती ओठ चावून बसली. चौथ्या दिवशी चकंदळातून पाणी गळायला लागलं. ती नारळाच्या काथ्याने घासून, कपड्याचा साबण लावून, कढत पाण्याने अंघोळ करायची. कढत पाणी अंगावर असेपर्यंत खाज मरायची, म्हणून एकावर एक तांबे ओतायची. बाहेर आली की कातडी पापडासारखी ताणायची आणि दुप्पट खाजायची. आता हातांवर, पोटावर, पाठीवरही पांढरा कोंडा धरला होता. सकाळी गोधडी झटकली की उन्हात पिठासारखं काहीतरी उडायचं. ते पाहून ती गोधडी घराच्या मागे नेऊन झटकायची.

विहिरीवर बायका तिला आधी पाणी भरू द्यायच्या. आदराने नव्हे. तिची घागर भरून ती गेली की मग त्या पुढे व्हायच्या.

एका दुपारी ती टाकाशी बोलली. "मी तुजं काय घेतलं?" तिने विचारलं. "सांग, परत देते." पत्र्यावरचे दोन टोचे तिच्याकडे बघत राहिले. कुडापलीकडे खरर् खरर् चालू होतं. तिच्या दोन्ही हातांत त्या वेळी सूप होतं.

ज्येष्ठ लागायच्या आधी पळस्प्याहून सखूबाई आली. रमाची आई. दुसरेपणाची बायको म्हणजे गेलेल्या लेकीच्या जागची लेक, म्हणून चंद्रावतीलाही ती आपल्याकडे माहेरपणाला नेणार होती. येताना खणाची चोळी घेऊन आली होती. चोळी अंगाला लावून बघायला तिने चंद्रावतीचा पदर बाजूला केला आणि तिचा हात तिथेच राहिला.

ठमाबाईने सगळं सांगितलं, भगताच्या शब्दांसकट. सखूबाई ऐकत होती. ऐकताना तिने बोटाचं टोक त्या चकंदळाच्या कडेने फिरवलं, दोन्ही कोपर उलटून पाहिले, गुडघ्यांच्या मागे पाहिलं.

"हे रमीचं नाय," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"रमीला जन्मापासून व्हतं. मीच काडलंय तिचं सगळं. कोपराच्या घडीत, गुडघ्यामागं, इकडं मानेला. गळ्याखाली कदी नाय झालं. माज्या पोरीला बदनाम करता तुमी." आवाज चढला नाही तिचा. "उद्या मी हिला पनवेलला नेते."

पनवेलला एक डॉक्टरीणबाई कातडीचं बघायच्या. सकाळच्या एसटीने दोघी गेल्या. दवाखान्यात चंद्रावतीने पदर काढला तेव्हा तिला वाटलं आता ही बाईही मागे सरकणार. पण त्यांनी दिवा जवळ ओढला आणि अगदी नाक लागेल इतकं जवळ येऊन पाहिलं.

"इथे काय घालता?"

चंद्रावतीने टाक मुठीत झाकून धरला होता. तो सोडला.

डॉक्टरीणबाईंनी टाक उलटून पाहिला. मागची बाजू घामाने पिवळट पडली होती. "ही चांदी नाही," त्या म्हणाल्या. "जर्मन सिल्व्हर आहे. यात निकेल असतं. काही जणांच्या कातडीला ते चालत नाही. तुमच्या ब्लाउजचे हुकही बघा, जिथे जिथे हुक टेकतो तिथे फोड आहे. मोजा."

चंद्रावतीने खाली पाहिलं. सहा हुक. सहा फोड.

मग त्यांनी सांगितलं ते सखूबाईने घोकून ठेवलं. राख आणि लिंबू बंद. काथ्या, दगड, कपड्याचा साबण बंद. पाणी कोमट, तेही दोन-चार तांबे. अंग पुसायचं नाही, मऊ धडप्याने नुसतं टिपायचं, आणि कातडी ओली आहे तोवर खोबरेल किंवा व्हॅसलिन लावायचं. नखं कापायची. खाज उठली की खाजवायचं नाही, गार पाण्याचं फडकं दाबून धरायचं. मलमाची ट्यूब दिली, ती फक्त चकंदळावर, पातळ, आणि आठ दिवस. "बरं वाटलं म्हणून महिनाभर चोळत बसू नका, कातडी पातळ होते. आणि हे आजपासून गळ्यात नको."

चंद्रावतीने टाक पुन्हा मुठीत धरला.

घरी आल्यावर ठमाबाई दारात आडवी उभी राहिली. "काडायचा नाय. डाक्टरला काय म्हाईत? उद्या पोरीवर आलं तर?"

भगवान ओटीच्या खांबाला टेकून उभा होता. चंद्रावतीने त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

सखूबाईने कुणालाच विचारलं नाही. चंद्रावतीच्या मागे गेली, मानेवरची गाठ चाचपली आणि दातांनी तोडली. टाक हातात घेऊन तिने अंगठ्याने पुसला. "माजी लेक हाय," ती म्हणाली. "मी नेते तिला घरी." कमरेच्या पिशवीत तिने तो ठेवला आणि दुपारच्या उन्हातच चालू लागली.

चंद्रावतीचा गळा हलका झाला आणि तिला रडू आलं. तिसऱ्या दिवशी गळणारं पाणी थांबलं. आठव्या दिवशी ती लाल बाई पुसट झाली. आधी हात गेले, मग डोकं.

आणि नवव्या दिवशी दीपिका ओटीवर, सगळ्यांच्या देखत, खाजवायला लागली. थांबेचना. बाहीवर रक्ताचे डाग उमटले तरी थांबेना. ठमाबाई चुलीपाशी मटकन बसली. "सांगितलं व्हतं मी," ती म्हणाली. "सांगितलं व्हतं. आता पोरीला धरलं तिनं."

भगवान आईसमोर पहिल्यांदाच बोलला. "जा," तो चंद्रावतीला म्हणाला. "जाऊन टाक घेऊन ये."

तिने वाद घातला नाही. तिलाही तेच वाटत होतं. आपण बरं व्हायला निघालो आणि ते पोरीच्या अंगावर ढकललं, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पोरीला कडेवर घेतलं आणि पळस्प्याला गेली. वाटभर कानाशी तो आवाज होता. खरर्, खरर्.

"आये, टाक दे," ती दारातूनच म्हणाली. "पोरीवर आली ती."

सखूबाईने पोरीला अंगणात उजेडात उभं केलं आणि काही न बोलता झगा डोक्यावरून काढला. या वेळी पोर पळाली नाही, दमली होती. कोपरांच्या घडीतली कातडी काळवंडून जाड झाली होती, बैलाच्या मानेसारखी. गुडघ्यांच्या मागे तेच. मानेला तेच.

"हात लाव," सखूबाई म्हणाली.

चंद्रावतीने बोट फिरवलं. खरखरीत, चिरा पडलेली, कोरडी कातडी.

"आट-नऊ दिसांत कातडी अशी व्हत नाय. वरसभर खाजवलं म्हंजे व्हते. हे रमीचं हाय. आयचं पोरीला आलंय. टाकाशी त्याचं काय नाय."

चंद्रावती खाली बसली. कुडाच्या पलीकडला आवाज, दुपारभर चालणारा, तिच्या हातात सूप असताना येणारा, आता तिला समजला. चैत्रातही ही पोर तिथेच बसलेली होती. त्याच्याही आधीपासून असेल.

"मना का नाय सांगितलंस?" तिने विचारलं.

दीपिकाने काढलेला झगा उचलून पोटाशी धरला. मग म्हणाली, "आय खाजवून खाजवून मेली. आजी म्हनली. मी पन मरनार व्हते. सांगितलं असतं तर बाबा रडला असता."

काविळीत रमाच्या सगळ्या अंगाला खाज सुटली होती. शेवटचे दिवस तिने नखांनी अंग ओरबाडून काढलं होतं, आणि ते चार-पाच वर्षांच्या पोरीने पाहिलं होतं. हे सखूबाईने सांगितलं, चुलीकडे तोंड करून.

मग तिने पाणी कोमट केलं. "तू कर," ती चंद्रावतीला म्हणाली. "माज्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाय. मी सांगते."

चंद्रावतीने केलं. चार तांबे पाणी, रमाच्या जुन्या लुगड्याचा मऊ झालेला तुकडा, टिपून घेणं, आणि अंग ओलं असताना खोबरेल. कोपराच्या घडीत बोट घालून, चिरेच्या आडवं नाही, चिरेच्या बाजूने. पोर आधी आवळून उभी होती. तेल दुसऱ्या कोपराला लागलं तेव्हा तिने डोकं चंद्रावतीच्या खांद्यावर टेकलं. तेवढ्यापुरता आवाज बंद होता, आणि तो बंद आहे हे चंद्रावतीला कितीतरी वेळ ऐकू येत राहिलं.

परत येताना तिने टाक मागितला नाही.

ठमाबाईने महिनाभर तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. भगवानने मात्र दुसऱ्या दिवशी पनवेलहून कापडी बटणं आणून दिली, आणि चंद्रावतीने घरातल्या सगळ्या चोळ्यांचे हुक उसवले. पोरीला अर्ध्या बाह्यांचे सुती झगे शिवले. दीपिकाचं दुखणं गेलं नाही. पनवेलला नेऊन दाखवलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं की ते असं जायचं नाही, थंडीत वर येईल, घामाने वर येईल, सांभाळायचं. चंद्रावतीने सांभाळलं. रोज संध्याकाळी, आठ-नऊ वर्षं. कुठे कातडी तडकणार हे तिला दोन दिवस आधी बोटांना कळायचं. रमाला तिने जिवंतपणी कधी पाहिलं नव्हतं. पण कधीतरी तेल लावताना तिला वाटायचं, की ती बाई अंधारात शेजारी येऊन बसली तर आपण तिला नुसत्या कोपरावरून ओळखू. असं वाटलं की ती दिवा थोडा मोठा करायची.

तिच्या स्वतःच्या गळ्याखाली रुपयाएवढा काळा डाग तेवढा उरला.

अठ्ठ्याण्णवच्या थंडीत ठमाबाई अंथरुणाला लागली. म्हातारपणाने तिची कातडी कागदासारखी झाली होती, पोटऱ्यांवर खवले धरले होते, आणि ती दिवसभर नखांनी ओरबाडायची. चंद्रावतीने तिची नखं कापली, कोमट पाण्याने पाय टिपले आणि तेल लावायला घेतलं.

म्हातारी छताकडे बघत होती. "रमा," ती म्हणाली, "जरा वर लाव."

पहिल्या दिवशी चंद्रावती म्हणाली, "आत्या, मी चंद्रावती." दुसऱ्या दिवशीही म्हणाली. म्हातारी मान हलवायची आणि पुन्हा तेच नाव घ्यायची, इतक्या मायेने की तसं तिने चंद्रावतीला आठ वर्षांत कधी बोलावलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी म्हातारीने हाक मारली तेव्हा दुपार होती, घरात दुसरं कुणी नव्हतं.

"रमा."

"ओ," चंद्रावती म्हणाली, आणि तेलाचा हात थोडा वर नेला.